विश्लेषण : शोध मुंबईकराचा, पेटंट देशोदेशीचे… शंकर आबाजी भिसे यांची धडपड आजही का महत्त्वाची?

अंधेरी एमआयडीसीतील किंवा मुलुंडच्या एखाद्या गाळ्यातील उद्योजकाने नवे यंत्र बनवले आणि भारतात पेटंट घेतले, तर ते जर्मनीत किंवा अमेरिकेत चालते का? नाही. पेटंटचा हक्क त्या-त्या देशापुरताच असतो. सव्वाशे वर्षांपूर्वी एका मुंबईकर संशोधकाचे आयुष्य या नियमाभोवती फिरले.

कोण होते भिसे?

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. सरकारी कचेरीत नोकरी करत, ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे नियतकालिक वाचत ते यंत्रविद्या शिकले. मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठी त्यांनी स्थानक दर्शवणारे उपकरण तयार केले. किराणा मालाचे वजन करणाऱ्या त्यांच्या यंत्राने लंडनच्या एका नियतकालिकाची स्पर्धा जिंकली. मग दिनशा वाच्छा यांचे पत्र घेऊन ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे गेले. दादाभाईंनी त्यांना पाठबळ दिले.

‘भिसोटाइप’ काय होते?

त्या काळी छपाईसाठी शिशाचे खिळे ओतावे लागत. प्रचलित यंत्रे हे काम संथपणे करत. भिसे यांच्या यंत्रात अनेक अक्षरे एकाच वेळी ओतली जात. मिनिटाला सुमारे १२०० खिळे, अशी नोंद आढळते. मोठ्या कंपन्यांच्या बाजारपेठेला हे थेट आव्हान होते.

मग अडले कुठे?

पेटंट दुसऱ्याला नक्कल करण्यापासून रोखते. कारखाना उभारून देत नाही. लंडनमध्ये समाजवादी नेते हाइंडमन यांच्यामार्फत भांडवल उभे करण्याचा प्रयत्न फसला आणि १९०८ मध्ये भिसे मुंबईला परतले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या ओळखीने सर रतन टाटा पुढे आले. ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट’ स्थापन झाले. पण तेही टिकले नाही.

अमेरिकेत काय झाले?

पहिल्या महायुद्धाच्या काळात भिसे न्यू यॉर्कला गेले. ब्रिटनचे पेटंट तिथे उपयोगाचे नव्हते. अमेरिकेत वेगळे अर्ज, वेगळे शुल्क, वेगळी छाननी. तिथे त्यांनी पेटंट मिळवली, खिळे ओतण्याच्या यंत्रासाठी कंपनी काढली. पुढे ‘अ‍ॅटोमिडीन’ हे आयोडीनयुक्त औषधही तयार केले. १९३० मध्ये त्यांची थॉमस एडिसन यांच्याशी भेट झाली. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यू यॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. सुमारे २०० शोध आणि ४० पेटंट त्यांच्या नावावर सांगितली जातात. तरीही ‘भारतीय एडिसन’ म्हणून गौरवलेले हे नाव आज फारसे कुणाला ठाऊक नाही.

आज नियम काय?

भारत १९९८ मध्ये पॅरिस करार आणि पेटंट सहकार्य करार (पीसीटी) या दोन्हींत सामील झाला. भारतात अर्ज केल्यावर १२ महिन्यांत परदेशी अर्ज केल्यास मूळ तारीख ग्राह्य धरली जाते. पीसीटीत एकाच अर्जाने दीडशेहून अधिक देशांसाठी दार उघडे राहते आणि देश निवडायला पहिल्या तारखेपासून साधारण ३० महिने मिळतात. मात्र ‘जागतिक पेटंट’ असे काही नसते. अखेर प्रत्येक देशाचे पेटंट कार्यालयच मंजुरी देते आणि खर्चही देशागणिक वाढतो.

उद्योजकांनी काय लक्षात ठेवावे?

प्रदर्शनात यंत्र दाखवण्याआधी अर्ज करा; शोध आधीच उघड झाला तर त्याचे नावीन्य नाकारले जाऊ शकते. भारतात राहणाऱ्याने पहिला अर्ज थेट परदेशात करायचा असल्यास पेटंट कार्यालयाची परवानगी लागते. जिथे माल विकायचा, त्या देशात दुसऱ्या कुणाचे पेटंट आहे का, हे निर्यातीआधी तपासा. असल्यास तिथे दावा होऊ शकतो. आणि माल कुठे बनणार, कुठे विकला जाणार, पैसा कोण घालणार, हे ठरवूनच देश निवडा. भिसे यांचे घोडे अडले ते पेटंटवर नव्हे, भांडवलावर.