रेडिएटर कुठे बसवायचा? दान्ते जाकोसा यांची गोष्ट

मे महिन्यातली दुपार डोळ्यासमोर आणा. हिंगोलीहून औंढा नागनाथकडे जाणाऱ्या रस्त्यावर लिंबाच्या सावलीत एक जुनी पद्मिनी उभी आहे. बॉनेट वर, आतून वाफ निघतेय, आणि घरातलं एक पोरगं कॅन घेऊन हापशाकडे पळालंय. सोबतची मोठी माणसं ठाम सांगतात की जुनी गाडी आहे, गरम होणारच. एकेकाळी आपल्या भागात लग्नसराईत हे चित्र हमखास दिसायचं.

पण ही गाडी गरम होणारच, असं म्हणून आपण नेमका दोष कुणाला देतो? तिच्या डिझाइनला की आपण घातलेल्या बोअरच्या पाण्याला? हा प्रश्न नीट समजून घ्यायचा असेल तर ज्या माणसाच्या ड्रॉइंग बोर्डवरून पद्मिनीचं मूळ घराणं निघालं, त्याचं आयुष्य पाहायला हवं. त्याचं नाव दान्ते जाकोसा. छोट्या गाडीत इंजिन कुठे ठेवायचं आणि रेडिएटर कुठे बसवायचा, या कोड्याशी हा माणूस चाळीस वर्षं झुंजला.

जाकोसा यांचा जन्म ३ जानेवारी १९०५ चा, रोममधला. घराणं मात्र उत्तर इटलीतल्या पीदमोंत प्रांतातलं. शाळेत त्यांनी लॅटिन, ग्रीक असे अभिजात विषय घेतले होते. म्हणजे आपल्याकडे एखाद्याने संस्कृत घेऊन आर्ट्सची तयारी करावी आणि मग अचानक मेकॅनिकलला यावं, तसं झालं! तुरीनच्या पॉलिटेक्निकमधून १९२७ मध्ये ते इंजिनिअर झाले, सक्तीची लष्करी सेवा केली आणि १९२८ मध्ये फियाटच्या उद्योगसमूहात नोकरीला लागले. पुढे काही काळ ते विमानांच्या इंजिनांवर काम करत होते. मोटार डिझाइनचा अनुभव जवळपास शून्य.

त्याच सुमारास फियाटमध्ये एक घटना घडली. फियाटचे मालक सिनेटर जोव्हान्नी अन्येल्ली यांना सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी गाडी हवी होती, किंमत पाच हजार लिराच्या आसपास. ओरेस्ते लार्दोने नावाच्या इंजिनिअरने तशी एक प्रायोगिक गाडी बनवली. तिचं वैशिष्ट्य म्हणजे इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्याच चाकांना. १९३१ मध्ये तुरीनजवळच्या टेकडीच्या चढावर चाचणी सुरू होती, खुद्द अन्येल्ली गाडीत बसले होते आणि गाडीने पेट घेतला. सगळ्यांना उड्या टाकून जीव वाचवावा लागला. कारण साधं होतं, इंधनाची गळती. पण मालकांनी दोन निर्णय दिले. लार्दोनेंची नोकरी गेली आणि फियाटमध्ये यापुढे फ्रंट व्हील ड्राइव्ह चालणार नाही असं ठरलं.

बघा, गळकी होती एक जोडणी, आणि बाद झाली अख्खी रचना. दोष एका भागाचा आणि शिक्षा पूर्ण डिझाइनला. जाकोसांच्या पुढच्या आयुष्यावर या निर्णयाची सावली तीस वर्षांहून जास्त राहिली.

१९३३-३४ च्या सुमारास वरिष्ठ अंतोनिओ फेस्सिया यांनी छोट्या गाडीचं काम जाकोसांकडे दिलं. वय तिशीच्या आत. पुढची चाकं चालवायची नाहीत ही अट आधीच लागलेली. मग छोट्या गाडीत जागा काढायची कशी? जाकोसांनी इंजिन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे ढकललं आणि रेडिएटर इंजिनच्या मागे, वरच्या अंगाला बसवला. रेडिएटर नाकावर नसल्यामुळे गाडीचं तोंड उतरतं करता आलं. १९३६ मध्ये ही फियाट ५०० बाजारात आली. इंजिन फक्त ५६९ सीसीचं, पण चार सिलिंडरचं आणि पाण्याने थंड होणारं, ताकद १३ हॉर्सपॉवर. लोकांनी तिला लाडाने तोपोलिनो म्हटलं, म्हणजे छोटा उंदीर. इटलीत मिकी माऊसचंही हेच नाव आहे.

त्यात एक गंमत आहे, जी थर्मलच्या पोरांनी लक्षात ठेवावी. या गाडीला वॉटर पंप नव्हताच! गरम झालेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरमध्ये थंड झालं की जड होऊन खाली येतं, आणि हे चक्र आपोआप चालू राहतं. यालाच थर्मोसायफन म्हणतात. त्यासाठी रेडिएटर इंजिनपेक्षा उंच लागतो आणि जाकोसांनी तो नेमका तिथेच ठेवला होता. एका जागेने दोन कामं केली, पंपाचा खर्च वाचला. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. थर्मोसायफनमध्ये पाणी सावकाश फिरतं, त्यामुळे कडक उन्हात लांब चढ लागला की ते उकळायला वेळ लागत नाही. किंमतही पाच हजारांत बसली नाही, ८,९०० लिरावर गेली. तरी १९५५ पर्यंत या उंदराच्या पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या.

१९३७ मध्ये त्यांची बालिल्ला ११०० आली. तिच्यासाठी जे १०८९ सीसीचं इंजिन तयार झालं, त्याचं माप ६८ मिमी बोअर आणि ७५ मिमी स्ट्रोक. हे आकडे ओळखीचे वाटतात का? पद्मिनीच्या मॅन्युअलमध्ये हेच आहेत! महायुद्धानंतर जाकोसांनी ११०० च्या याच यंत्रणेवर चिसितालिया कंपनीसाठी डी-४६ ही रेसिंग कारही उभी केली. लग्नाचं वऱ्हाड वाहणाऱ्या गाडीचं इंजिन रेसच्या घराण्यातलं आहे, हे वऱ्हाड्यांना कुठे माहीत असणार.

१९५३ मध्ये नवीन ११०० आली. इथे जाकोसांनी नेहमीची मांडणी ठेवली. इंजिन पुढे उभं, त्याच्यासमोर रेडिएटर, वॉटर पंपाच्या शाफ्टवर पंखा, दोन्ही एकाच बेल्टवर, आणि ताकद मागच्या चाकांना. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली होती. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी तोपोलिनो जोडली गेली, मग ११०० आली. १९६४ पासून ११०० डी आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ती आपल्या रस्त्यावर धावली. उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईत टॅक्सी म्हणून तिचा शेवट ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला.

इकडे जाकोसा मात्र त्याच त्या कोड्याला वेगवेगळी उत्तरं शोधत होते. १९५५ च्या फियाट ६०० मध्ये त्यांनी इंजिनच मागे नेलं आणि रेडिएटर त्याच्या शेजारी बसवला. १९५७ च्या नव्या ५०० मध्ये तर रेडिएटरच काढून टाकला. मागे दोन सिलिंडरचं ४७९ सीसीचं इंजिन, आणि पत्र्याच्या नळांड्यातून पंख्याने त्यावर हवा मारायची. पाणीच नाही म्हटल्यावर गळती नाही आणि क्षार बसणंही नाही. पण बेल्ट तुटला की कूलिंग संपलं. ही गाडी सुरुवातीला फारशी खपली नाही, अगदीच साधी म्हणून लोकांनी नाक मुरडलं. काही महिन्यांतच तिच्यात सुधारणा झाल्या, १९५९ मध्ये तिला डिझाइनचा मानाचा कोंपास्सो दोरो पुरस्कार मिळाला आणि पुढे ती इटलीची ओळखच बनली.

एवढं होऊनही फ्रंट व्हील ड्राइव्हचा विचार त्यांनी सोडला नव्हता. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये इसिगोनिस यांची मिनी आली. तिच्यात इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्याखाली आणि रेडिएटर बाजूला, चाकाच्या कमानीपाशी. जागा खूप वाचली, पण रेडिएटरला समोरचा वारा सरळ मिळेना. जाकोसांनी वेगळा मार्ग काढला. इंजिन आडवंच, पण गिअरबॉक्स त्याच्याच रेषेत शेजारी आणि चाकांकडे जाणारे दोन शाफ्ट कमीजास्त लांबीचे. त्यामुळे रेडिएटर परत समोर, वाऱ्यात ठेवता आला.

पण १९३१ च्या आगीची भीती अजून गेली नव्हती. म्हणून ही रचना पहिल्यांदा फियाटच्या नावाने आलीच नाही. १९६४ मध्ये ती ऑटोबियांकी या लहान ब्रँडची प्रिमुला म्हणून बाजारात उतरली, फसली तर मोठ्या नावाला धक्का नको म्हणून. ती चालली. मग १९६९ मध्ये फियाट १२८ आली. तिचं इंजिन आडवं असल्याने त्याच्या बेल्टवरचा पंखा समोरच्या रेडिएटरसमोर येणं शक्यच नव्हतं, म्हणून विजेवरचा पंखा दिला. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की तो आपोआप सुरू होतो. १२८ ला १९७० चा युरोपियन कार ऑफ द इयर हा मान मिळाला. मारुती ८०० चं बॉनेट उघडून पाहा. आडवं इंजिन, समोर रेडिएटर, विजेचा पंखा. आजच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्या याच मांडणीवर चालतात. एका गळतीने बाद ठरवलेली कल्पना परत यायला तेहतीस वर्षं लागली.

१९७० मध्ये जाकोसा निवृत्त झाले. पुढे त्यांनी फियाटमधल्या चाळीस वर्षांच्या कामावर पुस्तक लिहिलं. ३१ मार्च १९९६ रोजी तुरीनमध्ये त्यांचं निधन झालं.

आता परत लिंबाखालच्या पद्मिनीकडे येऊ. इंजिनमध्ये जळणाऱ्या इंधनाची साधारण एक तृतीयांश उष्णता कूलिंगला बाहेर काढावी लागते. सिलिंडरकडून पाण्याला, पाण्याकडून रेडिएटरच्या नळ्यांना आणि नळ्यांकडून हवेला, असा तिचा रस्ता आहे. तो कुठे अडला ते शोधायचं, सरसकट सगळंच बदलत सुटायचं नाही.

गाडी हायवेला ठीक, पण बाजारात गर्दीत गरम होत असेल तर हवा कमी पडतेय. आधी फॅन बेल्टचा ताण आणि जाळीत अडकलेला कचरा पाहा. उलट गावात ठीक आणि वेगात किंवा चढावर गरम होत असेल तर पाणी कमी फिरतंय. आपल्याकडच्या जड पाण्याचा क्षार नळ्यांत बसलेला असतो. अशा वेळी रेडिएटरवाल्याकडून टाकी उघडून रॉडिंग करून घ्यावं लागतं, म्हणजे प्रत्येक नळीतून पट्टी घालून ती साफ करायची आणि टाकी परत झाळायची. खालचा होज पाइप चालू इंजिनवर चपटा होत असेल तर तो बदला. बाहेर गळती दिसत नाही तरी पाणी कमी होतं, तर कॅपची स्प्रिंग आणि रबर बघा. कॅप दाब धरून ठेवते म्हणून पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. आणि थंड इंजिन चालू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागले तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्या.

बरेच जण थर्मोस्टॅट काढून फेकतात. त्याने मूळ रोग जात नाही, वर हिवाळ्यात इंजिन थंडच राहून जास्त झिजतं. तो तपासणं सोपं आहे. पातेल्यात पाणी तापवा, थर्मोस्टॅट दोऱ्याला लटकवा, थर्मामीटर ठेवा. साधारण ८०-८५ अंशांना तो उघडायला लागला तर तो निर्दोष आहे! (हा प्रयोग रूममध्ये कॉइल लावून करू नये, रेक्टर सरांचं तापमान त्याआधी वाढेल. लॅबमध्ये करा.) गरम कॅप कधीच उघडू नका, आणि तापलेल्या इंजिनात हापशाचं गार पाणी ओतू नका. हेड ॲल्युमिनियमचं आहे, ते वाकतं. अर्धा-पाऊण तास सावलीत थांबा. नंतर क्षार नसलेलं पाणी आणि कूलंट घाला.

जाकोसांच्या आयुष्यातून मला हेच घ्यावंसं वाटतं. १९३१ मध्ये कुणी शांतपणे ती गळती शोधली असती, तर लार्दोनेंची नोकरी कदाचित वाचली असती आणि इटलीला ती गाडी कितीतरी आधी मिळाली असती. जाकोसांनी मालकांशी भांडण केलं नाही आणि कल्पनाही सोडली नाही. दिलेल्या अटीत चांगल्यात चांगलं काम करत राहिले आणि वेळ आली तेव्हा तयार होते.

आपल्या हॉस्टेलमध्येही दर निकालाच्या रात्री कुणीतरी असतो, ज्याचा एक एम-थ्री राहिलेला असतो आणि जो बॅग भरून गावी परत जायची भाषा करतो. त्याच्याशेजारी जरा बसा. नळी कुठली तुंबली ते दोघं मिळून शोधा. एका विषयासाठी अख्खी गाडी भंगारात काढू देऊ नका.