एका पैचा हिशेब

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

वाचकहो, मी कीर्तनकार नाही, संतसाहित्याचा अभ्यासकही नाही. बी.कॉम. झालो आणि ३६ वर्षे बँकेत कारकुनी केली. दत्तजयंतीच्या अंकासाठी एखाद्या दत्तभक्ताचे चरित्र लिहा, असे मंदिरातल्या मंडळींनी सांगितले, तेव्हा माझ्यासमोर एकच नाव आले, पैठणच्या एकनाथ महाराजांचे. कारण नाथ महाराज आधी गुरूंच्या घरचे हिशेबनीस होते. आमच्याच जातकुळीचे म्हणा ना! दुसरे कारण माझ्या घरातले आहे, ते ओघात येईलच.

नाथांचा जन्म पैठणचा, इ. स. १५३३ च्या सुमारासचा. विजयनगरला नेलेली विठ्ठलमूर्ती पंढरपुरास परत आणणारे म्हणून ज्यांची ख्याती आहे, ते संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणी. दोघेही नाथ अगदी तान्हे असतानाच गेले. आजोबा चक्रपाणींनी नातवाला वाढवले. पोर पहिल्यापासून देवाच्या ओढीचे. बारा वर्षांचे असताना गुरूच्या शोधात एकटे घराबाहेर पडले आणि देवगिरीला, म्हणजे दौलताबादेला, जनार्दनस्वामींच्या दारात येऊन उभे राहिले.

जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे देशपांडे. निजामशाहीत देवगिरी किल्ल्याचे किल्लेदार आणि अंतःकरणाने पूर्ण दत्तभक्त. किल्ल्याचा सगळा कारभार त्यांच्याकडे, पण गुरुवार हा दत्ताचा दिवस म्हणून त्या दिवशी कामाला सुट्टी असे. नोकरी सांभाळून परमार्थ कसा करावा, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी स्वामींकडे पाहावे. अशा माणसाच्या घरी नाथ राहिले. पाणी भरले, पूजेची तयारी केली, आणि हळूहळू हिशेबाचे दप्तरही त्यांच्याकडे आले.

पुढची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे, पण मी ती बँकवाल्याच्या नजरेने सांगतो. एके दिवशी ताळेबंदात एका पैचा फरक आला. आमच्या आजोबांच्या काळी एका रुपयाच्या १९२ पै होत. त्यातली एक! खिशातून टाकली असती तरी कुणाला कळले नसते. पण नाथांनी दिवा लावला, वह्या काढल्या आणि बसले. रात्र चढत गेली. तिसरा प्रहर उलटला. तेव्हा कुठे चूक सापडली आणि आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. एवढ्या रात्री काय झाले, म्हणून त्यांनी विचारले. हिशेब लागला, असे नाथांनी सांगितले. त्यावर स्वामींनी शिष्याला हसून जवळ घेतले आणि समजावले, की एका पैची चूक सापडल्यावर इतका आनंद होतो, तर संसाराच्या हिशेबातली मोठी चूक सापडली तर किती होईल! हीच एकाग्रता देवाकडे लाव.

ही गोष्ट मला पटते, कारण तो आनंद मी अनुभवला आहे. हाताने लेजर लिहायच्या काळात बॅलन्सिंगला फरक आला की आम्ही रात्री नऊ-दहापर्यंत बसत असू. फरकाला २ ने भाग गेला, तर त्याची निम्मी रक्कम शोधायची. ती जमेऐवजी नावे पडलेली असू शकते. ९ ने भाग गेला, तर कुठे तरी आकडे उलटे पडलेत का पाहायचे. ५४ चे ४५ झालेले असतात. आणि फरक सापडला की खरोखरच टाळी वाजवावीशी वाटते. शाखेत माझे नाव होते, कितीही जुना फरक द्या, हा माणूस काढणार.

स्वामींनी पुढे नाथांना देवगिरीजवळच्या शूलिभंजन डोंगरावर अनुष्ठानाला पाठवले. श्रीदत्तप्रभूंनी नाथांना मलंगाच्या वेषात दर्शन दिले, अशी परंपरा सांगते. फाटके कपडे, बरोबर कुत्री. नाथ प्रथम ओळखू शकले नाहीत. गुरूंनी खूण पटवली तेव्हा कळले. ज्या नाथांनी आपल्याला रोजची दत्ताची आरती दिली, त्यांनाही देव समोर आल्यावर पहिल्यांदा ओळखता आला नाही, याचे मला नेहमी नवल वाटते आणि थोडा धीरही येतो.

मग तीर्थयात्रा झाल्या. नाथ पैठणला परतले आणि गुरूंच्या आज्ञेने गृहस्थाश्रमी झाले. पत्नी गिरिजाबाई. मुलगा हरिपंडित, दोन मुली. त्यांतली एक कवी मुक्तेश्वरांची आई. घरात रोज पूजा, पुराण, कीर्तन, आणि दाराशी येईल त्याला जेवण.

आता नाथांच्या कामाकडे पाहा. भागवताच्या अकराव्या स्कंधावर त्यांनी मराठीत टीका लिहायला घेतली. प्राकृतात हे लिहिता म्हणून काशीच्या पंडितांनी आक्षेप घेतला, तेव्हा नाथ काशीला गेले आणि शके १४९५ मध्ये तिथेच ग्रंथ पुरा केला. ३१ अध्याय, १८ हजारांहून अधिक ओव्या. ज्यांनी जाब विचारला होता, त्यांनीच पुढे ग्रंथाचा गौरव केला. नंतर शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. माउलींना जाऊन जवळजवळ तीन शतके होत आली होती. नकलांवर नकला होऊन चुकीचे पाठ शिरले होते. नाथांनी प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या, अशुद्ध पाठ काढले. स्वतः एवढे मोठे कवी असून आपली एकही ओवी त्यात घातली नाही, आणि पुढे कुणी घालू नये असेही बजावून ठेवले. ऑडिटरने खातेदाराच्या पैशाला हात लावू नये, तसेच हे! एका पैसाठी रात्र जागवणारा मुलगा मला इथे पुन्हा दिसतो.

पण वाचकहो, याच नाथांच्या चरित्रात दुसऱ्या बाजूच्या गोष्टी आहेत.

गोदावरीवरून स्नान करून येताना एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकला. नाथ परत नदीवर गेले, स्नान करून आले, तो पुन्हा थुंकला. असे १०८ वेळा झाले म्हणतात. शेवटी तो माणूसच शरमला आणि पाया पडला. नाथांनी उलट त्याचेच आभार मानले, की तुझ्यामुळे आज इतकी गोदास्नाने घडली. दुसऱ्या एका गोष्टीत मुलाच्या मुंजीसाठी पैसे हवे असलेला एक ब्राह्मण येतो. नाथांना राग आणून दाखवलास तर २०० रुपये देऊ, अशी पैज काही टवाळांनी त्याच्याशी लावलेली असते. तो पायातल्या जोड्यांसकट आत येऊन नाथांच्या मांडीवर बसतो. गिरिजाबाई वाढायला वाकल्या, तर त्यांच्या पाठीवर चढतो. नाथ बाईंना सांभाळायला सांगतात, पाहुणा पडेल म्हणून. आणि बाई उत्तर देतात, की हरीला पाठीवर घेऊन काम करायची मला सवय आहे. पैज हरली, तरी मुंज अडली नाही. नाथांनी पैसे दिले.

श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकाचा वास आला म्हणून अस्पृश्य मानलेली, भुकेली माणसे दारावरून जाताना थबकली, तर तो सगळा स्वयंपाक नाथ-गिरिजाबाईंनी त्यांना वाढला आणि गावाचा बहिष्कार सोसला. घरातलेही सोसले. हरिपंडित मोठे विद्वान. वडिलांचे मराठी पुराण आणि कुणाकडेही जेवणे त्यांना रुचेना, म्हणून ते काशीला निघून गेले. नाथ स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले, त्यांच्या अटी मान्य करून. पुराण मुलाने सांगायचे, ते संस्कृतात. परान्न घ्यायचे नाही. श्रोते कमी होत गेले. नाथ गप्प बसून ऐकत राहिले. मुलाला आपली चूक त्याची त्यालाच कळली, तोवर ते थांबले.

एका पैची चूक ज्यांना झोपू देईना, त्यांनी १०८ थुंक्यांचा हिशेब ठेवला नाही. कोणत्या वहीत नोंद करायची आणि कोणती वही उघडायचीच नाही, हे त्यांना ठाऊक होते. मला ते ठाऊक नव्हते.

आता माझ्या घरातले कारण सांगतो. आई दीड वर्ष अंथरुणावर होती, माझ्याकडे. औषध, डॉक्टर, रात्रीची बाई, रिक्षा, सगळा खर्च मी एका वहीत लिहीत होतो. सवयच ती! वर्षश्राद्धाला धाकटा भाऊ आला. जेवणे झाल्यावर नातेवाईक बसले असताना मी ती वही काढली आणि पान-पान वाचून त्याचा निम्मा वाटा सांगितला, पैशापर्यंत. तो काही बोलला नाही. पंधरा दिवसांनी पैसे आले, बरोबर तेवढेच. वही टॅली झाली. मला, खरं सांगायचं तर, समाधान वाटलं. त्यानंतर ११ वर्षे भाऊ माझ्या उंबऱ्यात आला नाही. त्या दीड वर्षात तो दर रविवारी पाच तासांचा प्रवास करून यायचा, आईचे पाय चेपत बसायचा. त्याची नोंद माझ्या वहीत कुठे होती? तो रकानाच मी आखला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी नाथषष्ठीला पैठणला गेलो. फाल्गुन वद्य षष्ठी, शके १५२१ मध्ये याच तिथीला नाथांनी गोदाकाठी देह ठेवला. नाथांच्या वाड्यात तो रांजण आहे, ज्यात श्रीखंड्याच्या रूपाने देवाने १२ वर्षे पाणी भरले म्हणतात. लोक घागरी, कळश्या घेऊन येत होते, ओतत होते, पुढे सरकत होते. मी सवयीने मोजायला लागलो. चाळीसच्या आसपास आकडा चुकला. मग लक्षात आले, की कुणी किती पाणी घातले हे तिथे कुणीच लिहून घेत नाही. मी बाजूला जाऊन भिंतीला टेकून बसलो. डोळ्यांतून पाणी यायला लागले, ते किती वेळ आले कोण जाणे.

घरी आल्यावर भावाला फोन केला. माफी मागायची असे ठरवले होते, पण शब्द फुटेनात. त्याने गुडघ्यांची चौकशी केली, मी त्याच्याकडच्या पावसाची. तीन-चार मिनिटे झाली असतील. तिसऱ्या की चौथ्या फोनला बोलून टाकले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, की दादा, आता झोप, उशीर झालाय. गेल्या दत्तजयंतीला तो सहकुटुंब आला. पाळण्याच्या वेळी दोघे शेजारी उभे होतो. त्या वहीबद्दल त्याने काही विचारले नाही. ती मी आधीच रद्दीत घातली होती.

घरखर्चाचा हिशेब मी अजून रोज लिहितो. मंदिराची जमाखर्चाची वहीही माझ्याकडेच आहे, आणि तिच्यात पैचा फरक आला तरी मी रात्री जागतो. दुसऱ्याच्या पैशाची राखण तशीच करावी. पण माणसांची वही मी आता उघडत नाही. कधी हात जातो, जुनी खोड आहे. तेव्हा रांजणापुढची ती रांग आठवतो.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥