मेंडेलीव्ह आणि खनिज तेलाचें कुळ

थोर पुरुषाचें प्रत्येक मत खरेंच असलें पाहिजे, असा समज विद्यार्थिवर्गांत पुष्कळदां आढळतो. तो कितपत योग्य आहे हें पाहण्यासाठीं विख्यात रशियन रसायनशास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म १८३४ सालीं सैबेरियांतील तोबोल्स्क येथें झाला. वडील तेथील शाळेचे मुख्याध्यापक होते. परंतु त्याच वर्षीं त्यांची दृष्टि गेली. तेव्हां आई मारिया हिनें काचेचा कारखाना चालवून संसार सांभाळला. पुढें वडील वारले आणि १८४८ सालीं कारखानाही जळाला. तरी त्या माउलीनें धीर सोडला नाहीं. धाकट्या मुलास घेऊन ती प्रथम मॉस्कोस व तेथें प्रवेश न मिळाल्यामुळें सेंट पीटर्सबर्गला गेली. १८५० सालीं मुलगा तेथील अध्यापन विद्यालयांत दाखल झाला आणि थोड्याच काळांत तिनें देह ठेवला.

आईचे श्रम मुलानें सार्थ केले. १८६९ सालीं मेंडेलीव्ह यांनीं ज्ञात मूलद्रव्यें अणुभाराच्या क्रमानें मांडून आवर्तसारणी रचिली. तींतील रिकाम्या जागीं बसणारीं गॅलियम, स्कँडियम व जर्मेनियम हीं मूलद्रव्यें पुढें सांपडलीं आणि त्यांची कीर्ति जगभर पसरली.

खनिज तेलाचाही त्यांनीं अभ्यास केला. १८६३ सालीं बाकू व १८७६ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया येथील तेलाचे प्रदेश ते स्वतः पाहून आले. भूगर्भांतील लोखंड व कार्बन यांच्या तप्त संयुगांशीं पाण्याचा संयोग होऊन तेल उत्पन्न होतें, जीवसृष्टीशीं त्याचा संबंध नाहीं, असें मत त्यांनीं १८७७ सालीं मांडलें.

१९०७ सालीं ते निवर्तले. पुढें १९३४ पासून आल्फ्रेड ट्रायब्स या जर्मन रसायनज्ञानें तेलांत हरितद्रव्याच्या कुळांतील पॉर्फिरिन संयुगें असल्याचें दाखविलें. हरितद्रव्याच्या मध्यभागीं मॅग्नेशियम असतें. वनस्पतींचे अवशेष गाळांत पुरले गेल्यावर तें निघून जातें व त्याची जागा व्हॅनेडियम किंवा निकेल घेतें. अर्थात् तेलाचें मूळ प्राचीन जीवांत आहे, याचा हा भक्कम पुरावा ठरला.

या धातूंचें मोजमाप दहा लक्ष भागांत किती भाग, असें करावें लागतें. परंतु हा लेशच तेलाचें कुळ सांगतो. ज्या गाळांत प्राणवायु नव्हता व गंधकाचीं संयुगें विपुल होतीं, तेथील तेलांत बहुधा व्हॅनेडियम अधिक आढळतें. इतरत्र निकेलाचें प्रमाण वाढतें. तेल खडकांतून दूर झिरपत गेलें तरी या दोहोंचें परस्परप्रमाण सहसा फारसें बदलत नाहीं. म्हणून दोन विहिरींचें तेल एकाच खडकांतून आलें कीं काय, हें ठरवितांना इतर पुराव्यांबरोबर हें प्रमाणही पाहतात.

व्हॅनेडियम व निकेल हीं दोन्ही मूलद्रव्यें मेंडेलीव्ह यांच्याच सारणींत होतीं! त्यांच्या मताविरुद्ध साक्ष त्यांच्याच घरच्या साक्षीदारांनीं दिली. तरी त्यांच्या थोरवीस उणेपणा येत नाहीं. सारणी कसोटीस उतरली म्हणून टिकली. तेलाविषयींचें मत उतरलें नाहीं म्हणून मागें पडलें. गुरुजनांविषयीं आदर बाळगावा आणि त्यांचें मतही पारखून घ्यावें, हेंच आम्हांस या चरित्रावरून शिकावयाचें आहे.