खुद्रीला नाव देणारा कर्नल

बँकेच्या नोकरीत असताना मी परंडा तालुक्यात, सीनाकाठच्या एका गावी, एका म्हाताऱ्या भोयाचा कर्जाचा अर्ज भरत होतो. त्याला नवे जाळे घ्यायचे होते. मासे कोणते मिळतात, असे विचारल्यावर त्याने बोटांवर मोजत आठ-दहा नावे सांगितली. अर्जात जागा होती एका शब्दाची. मी लिहिले, मासे. म्हातारा काही बोलला नाही. अंगठा उठवून निघून गेला.

निवृत्तीनंतर कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचे चरित्र वाचताना तो अर्ज मला आठवला आणि ओशाळल्यासारखे झाले.

साइक्स यांचा जन्म १७९० सालचा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. चौदाव्या वर्षी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी भरतपूरच्या वेढ्यात होते. पेशवाई बुडाली त्या धामधुमीतही ते दख्खनमध्येच होते, अर्थात कंपनीच्या बाजूने.

१८२४ साली मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांना नव्या मुलखाची मोजदाद करण्याच्या कामावर नेमले. लोकसंख्या, जमिनीचे हक्क, पाऊस, उष्णता, हवेचा दाब, जे मोजता येईल ते साइक्स मोजत गेले. सरकारला यातून सारावसुलीची सोय हवी होती, हे विसरून चालणार नाही. पण या माणसाची वही साऱ्यापाशी थांबली नाही. तीत पक्षी आले आणि नद्यांतले मासेही आले.

१८२९ च्या अखेरीस सरकारने ते पदच रद्द केले. दुसरा कोणी असता तर दप्तर बांधून मोकळा झाला असता. साइक्स यांनी रजा घेतली आणि १८३१ पर्यंत काम पुरे केले. चालू खाते अर्धवट सोडवत नाही, ही खोड मला ओळखीची वाटते.

१८३८ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यांनी दख्खनच्या माशांवरचा निबंध मांडला. नव्या माशांना लॅटिन नावे देताना त्यांनी बऱ्याच ठिकाणी इथल्या नदीकाठची बोलीच उचलली. नुकता, फुलुंगी, शिंगटी, टाकरी हे शब्द जगाच्या शास्त्रीय यादीत गेले ते असे. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या एका देखण्या, मोठ्या खवल्यांच्या माशाचे नाव त्यांनी खुद्री असे नोंदवले. हाच दख्खनचा महासीर.

गळ टाकणाऱ्या शौकिनांना महासीर म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रातून नदीत परतणाऱ्या स्टीलहेड ट्राउटसाठी लोक भर हिवाळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पिसांची खोटी माशी फेकतात. आपला महासीर समुद्रात जात नाही, पण पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतो. गळाला लागला की दोरी ताणून सुसाट सुटतो. हेन्री सुलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली भारतातल्या गळावरच्या मासेमारीवर पुस्तक लिहिले, त्यात त्याला मानाचे पान मिळाले.

आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे साइक्स यांच्या अखत्यारीबाहेर. पण नद्या सरहद्द मानत नाहीत. मुळा-मुठा भीमेला मिळते, आणि परंड्याकडून वाहत जाणारी सीनाही शेवटी भीमेलाच.

साइक्स पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले, ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बसले आणि १८७२ साली लंडनमध्ये वारले. त्यांनी नाव दिलेली खुद्री मात्र धरणांमुळे आणि सुरुंग लावून होणाऱ्या मासेमारीमुळे संकटात आली. तेव्हा लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून तिची पैदास केली आणि लाखो पिले ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली.

त्यातली काही कावेरीत गेली. तिथे कुबड असलेला, आणखी मोठा असा मूळचा महासीर होता. गळवाल्यांना तो शतकाहून अधिक काळ ठाऊक होता, पण शास्त्राच्या वहीत त्याची ओळख पक्की नव्हती. बाहेरून आलेली खुद्री वाढत गेली आणि तो घटत गेला. २०१८ साली अभ्यासकांनी त्याचे शास्त्रीय नाव निश्चित केले. त्याच वर्षी नामशेष होण्याच्या अगदी काठावर असलेल्या प्राण्यांच्या यादीत त्याची नोंद झाली.

खात्यावर नाव नसेल, तर बुडाले ते कोणाचे, हे कसे कळणार? साइक्स यांनी नावे लिहून ठेवली म्हणून दख्खनच्या माशांचा हिशेब मागता येतो. ती नावे सांगणाऱ्या भोयांची नावे मात्र शास्त्राच्या यादीत नाहीत. आणि माझ्या अर्जात तर त्यांचे मासेही नाहीत. त्या म्हाताऱ्याने सांगितलेल्यांपैकी दोनच नावे आज मला आठवतात. शिंगटी आणि मरळ. बाकीची सीनेच्या पाण्याबरोबर वाहून गेली.