पृथ्वीची पाठ मोजणारा : विल्यम लॅम्ब्टन

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश भरते, हे शाळेत आपण सर्वांनी घोकलेले असते. वहीच्या पानावर ते खरेही असते. परंतु तोच त्रिकोण जमिनीवर आखला आणि त्याची एकेक बाजू तीस मैलांची घेतली, तर बेरीज १८० अंशांहून सुमारे पाच विकलांनी जास्त भरते. कारण जमीन सपाट नाही; ती एका प्रचंड गोलाची पाठ आहे. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. अशा पाच विकलांचा हिशेब चुकू नये म्हणून आयुष्याची वीस वर्षे उन्हातान्हात घालविणारा एक इंग्रज आपल्या विदर्भात, हिंगणघाटच्या मातीत विसावला आहे.

विल्यम लॅम्ब्टन १७५३ च्या सुमारास यॉर्कशायरमधील एका साध्या शेतकरी कुटुंबात जन्मला. सैन्यात शिरला, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउन येथे १७८१ मध्ये कैद झाला. सुटल्यावर कॅनडाच्या बाजूला न्यू ब्रन्सविक प्रांतात त्याने जमीन मोजण्याचे आणि पुढे बराकींच्या व्यवस्थेचे काम कित्येक वर्षे केले. तेथेच काळी काच न लावता सूर्यग्रहण पाहिल्यामुळे त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. चाळिशी उलटून गेलेला, एका डोळ्याने अधू, मितभाषी असा हा अधिकारी हिंदुस्थानात आला तेव्हा त्याच्या हातून काही विशेष घडेल असे कोणालाही वाटले नसावे.

१७९९ मध्ये टिपूशी झालेल्या अखेरच्या युद्धात मात्र त्याची विद्या उपयोगी पडली. रात्रीच्या कूचात आपली तुकडी उलट्या दिशेने, शत्रूच्याच रोखाने चालली आहे, हे त्याने ताऱ्यांवरून ओळखले. युद्ध संपताच त्याने मद्रास सरकारपुढे योजना मांडली की, समुद्रकिनाऱ्यापासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत त्रिकोणांचे जाळे विणून सारे द्वीपकल्प मोजावे. त्याच्याच पलटणीचा प्रमुख आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याने पाठिंबा दिल्यामुळे ती मंजूर झाली. एका सरकारी गृहस्थाचा आक्षेप असा होता म्हणतात, की श्रीरंगपट्टणला जायचे तर पालखीच्या भोयांना सांगितले की पुरे. त्यासाठी एवढा खर्च कशाला! आपल्याकडच्या खर्च समित्यांची परंपरा किती जुनी आहे पाहा.

त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. म्हणून प्रत्यक्ष जमिनीवर मोजायची ती एकच बाजू, आणि तीच अचूक हवी. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी हे काम सुरू झाले. साडेसात मैलांच्या त्या आधाररेषेला ५७ दिवस लागले. शंभर फुटी पोलादी साखळी मूळची चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी नेलेली, पण तेथून परत आलेली. ती लाकडी पेट्यांत सरळ ठेवीत आणि जवळ तापमापक असत, कारण उन्हाने पोलाद वाढते.

एवढ्याने भागत नसे. उंचावरची रेषा पृथ्वीच्या केंद्रापासून अधिक दूर असते, म्हणून समुद्रसपाटीवर उतरविताना ती आखडते. बंगळूरच्या सुमारे तीन हजार फूट उंचीवर साडेसात मैलांची रेषा घेतली, तर पावणेसहा फुटांच्या आसपास वजा करावे लागतात. मोठ्या त्रिकोणांतील त्या जादा विकलांचाही हिशेब असाच करावा लागे. साध्या नकाशाला हे काटेकोरपण कदाचित लागले नसते. परंतु पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे, हे अक्षांशाच्या एका अंशाची लांबी ठिकठिकाणी मोजून ठरवावे, ही लॅम्ब्टनची खरी ओढ होती.

कोन मोजण्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. इंग्लंडहून येताना ते जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. पण शास्त्राचे साधन म्हणून तेथील गव्हर्नरने यंत्र सन्मानाने मद्रासला पाठवून दिले. मद्रास ते मंगळूर त्रिकोण पोहोचले तेव्हा द्वीपकल्पाची तेथील रुंदी ४०० मैलांऐवजी ३६० मैलच निघाली. चाळीस मैल भूमी नकाशावरून नाहीशी झाली!

तमिळ मुलुखातील सपाटीवर वेगळीच अडचण आली. समुद्रावरून येणाऱ्या गलबताचे शीड आधी दिसते आणि खालचा भाग मागाहून, हे कोकणात पोरसोरही जाणते. दहा मैलांवरची जमीन पृथ्वीच्या फेरामुळे नजरेच्या रेषेखाली ६६ फुटांहून अधिक उतरते. हवेतून येणारा प्रकाश किंचित वाकतो म्हणून त्यातले नऊ-दहा फूट परत मिळतात. हे वाकणेही दोन्ही टोकांवरून एकमेकांकडे कोन घेऊन लॅम्ब्टनने तपासले. टेकड्या नव्हत्या, तेव्हा त्याने देवळांची गोपुरे धरली. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर यंत्र चढविताना दोर तुटला, ते भिंतीवर आदळले आणि कोन वाचण्याचे वर्तुळच वाकले. दुसरा कोणी असता तर नवे यंत्र येईपर्यंत काम बंद ठेवता. लॅम्ब्टन कारागिरांना घेऊन तंबूत बसला आणि पाचर, स्क्रू, कप्प्या लावून वर्तुळ केसाकेसाने ओढीत, कित्येक आठवड्यांनी ते पूर्ववत केले.

हे काम कंपनी सरकारच्या राज्यविस्ताराला उपयोगी पडले, हे विसरून चालणार नाही. जिंकलेला मुलूख मोजला म्हणजे तो ताब्यात राहतो. तसेच निशाणे धरून डोंगरमाथ्यावर बसणारे, यंत्र खांद्यावर वाहणारे, जंगलच्या तापाने मेलेले खलाशी या देशाचेच होते. त्यांची नावे लॅम्ब्टनच्या नावाशेजारी कोणी घेत नाही, मला ही उणीव फार जाणवते.

१८१५ पर्यंत कन्याकुमारीकडून निघालेली रेषा बिदरजवळ आली. १८१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले, १८१८ मध्ये कामाला महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण हे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट हा तरुण त्याचा मदतनीस म्हणून हैदराबादेस दाखल झाला. सत्तरीला टेकलेला लॅम्ब्टन तरीही मुक्काम हलवीतच होता. हैदराबादहून नागपूरला जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्याला मृत्यू आला. तोवर सुमारे १,६५,००० चौरस मैल प्रदेश त्रिकोणांखाली आला होता.

पुढचे काम एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले, आणि १८६५ मध्ये जगातल्या सर्वोच्च शिखराला त्याचे नाव देण्यात आले. तंजावरला आपटलेला तो थिओडोलाइट मात्र पुन्हा दुरुस्त होऊन एव्हरेस्टच्या काळातही कोन मोजीत राहिला.