मेरी मॅक्लाउड बेथ्यून : एका शिक्षिकेचें चरित्र

मोठी शाळा काढावयाची तर प्रथम मोठी रक्कम हातीं पाहिजे, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु कित्येक नामांकित विद्यालयांचा पाया ज्यांनीं घातला, त्यांच्याजवळ आरंभीं ना इमारत होती, ना पैसा, ना राजाश्रय. अमेरिकेंतील मेरी मॅक्लाउड बेथ्यून या बाई अशांपैकींच एक होत. त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनींही मनन करण्याजोगें आहे.

अमेरिकेच्या दक्षिण भागांत कृष्णवर्णी माणसांस गुरांप्रमाणें विकण्याची व विकत घेण्याची दुष्ट चाल पुष्कळ काळ चालू होती. ती १८६५ सालीं कायद्यानें बंद झाली. पुण्याच्या जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं प्रसिद्ध केलेला आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, या दास्यमुक्तीच्या कामीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांसच अर्पण केला होता. त्यानंतर दोन वर्षांनीं, १० जुलै १८७५ रोजीं, साउथ कॅरोलायना राज्यांतील मेझव्हिल गांवाजवळ मेरीचा जन्म झाला. सॅम्युएल व पॅट्सी मॅक्लाउड या दांपत्याच्या सतरा मुलांपैकीं ती पंधरावी. आईबाप दोघेंही गुलामगिरींत वाढलेलीं. मुक्त झाल्यावर त्यांनीं कष्टानें पांच एकर जमीन मिळविली, लांकडी ओंडक्यांचें घर बांधलें, आणि कपाशीच्या शेतीवर संसार चालविला. आई पूर्वीच्या धन्याच्या घरचे कपडेही धुऊन देत असे.

एके दिवशीं मेरी आईबरोबर त्या घरीं गेली असतां तेथील मुलांच्या खोलींत तिला एक पुस्तक दिसलें. तिनें तें सहज उचललें. तोंच एका गोऱ्या मुलीनें तिला वाचतां येत नाहीं म्हणून पुस्तक खालीं ठेवावयास सांगितलें. तो शब्द मेरीच्या जिव्हारीं लागला. परंतु तिनें त्याचा राग मनांत धरला नाहीं. गोऱ्यांच्या व आपल्या स्थितींत जें अंतर आहे त्याचें मूळ या अक्षरांत आहे, असें त्या बालमनानें ताडलें, आणि वाचावयास शिकण्याचा निश्चय केला.

त्या भागांत कृष्णवर्णी मुलांस शाळाच नव्हती. पुढें प्रेस्बिटेरियन मिशननें मेझव्हिल येथें एक शाळा उघडली. एमा विल्सन या तेथील शिक्षिका. मॅक्लाउडांच्या घरांतील सगळींच मुलें शेतांतून काढणें शक्य नव्हतें. म्हणून आईबापांनीं मेरीस निवडलें. ती रोज कित्येक मैल पायीं जाई, आणि दिवसां शिकलेला धडा रात्रीं घरच्यांस शिकवी. थोडें गणित येऊं लागतांच ती शेजाऱ्यापाजाऱ्यांस कपाशीच्या वजनाचे हिशेब करून देऊं लागली. अडाणी शेतकऱ्यास वजनांत व दरांत नाडणें सोपें असतें. एका लहान मुलीच्या पाटीपेन्सिलीनें कित्येकांच्या घामाचा पैसा वांचला. अशा रीतीनें ती विद्यार्थिनी असतांनाच शिक्षिका झाली.

पुढील शिक्षणास पैसा नव्हता. तेव्हां दूर डेन्व्हर शहरांत शिवणकामावर पोट भरणाऱ्या एका बाईंनीं आपल्या बचतींतून एका होतकरू मुलीचा खर्च सोसण्याचें ठरविलें, व त्या मदतीसाठीं मेरीची निवड झाली. १८८८ ते १८९४ पर्यंत ती नॉर्थ कॅरोलायनांतील स्कॉशिया सेमिनरींत शिकली. नंतर शिकागो येथें मूडी यांच्या संस्थेंत तिनें पवित्र शास्त्राचें शिक्षण घेतलें. आफ्रिकेंत जाऊन सुवार्तेची सेवा करावी, ही तिच्या मनांतील मोठी आकांक्षा होती. परंतु आफ्रिकेंत कृष्णवर्णी मिशनऱ्यांस जागा नाहीं, असें मिशन मंडळाकडून उत्तर आलें. हा घाव पुस्तकाच्या प्रसंगाहून खोल होता. कारण तो परक्यांकडून नव्हे, तर ज्यांस ती आपलीं धर्मबांधव मानीत होती त्यांच्याकडून झाला. तरी तिनें मंडळीचा त्याग केला नाहीं, आणि सेवेचाही नाहीं. जॉर्जिया राज्यांत लूसी लेनी या कर्तबगार बाईंच्या शाळेंत ती शिकवूं लागली, आणि आपली आफ्रिका आपल्याच दाराशीं आहे, हें तिला तेथें उमगलें.

१८९८ सालीं आल्बर्टस बेथ्यून यांच्याशीं तिचा विवाह झाला व पुढील वर्षीं एक मुलगा झाला. पुढें १९०७ सालीं पति घर सोडून गेले, व संसाराचा भार एकट्या बाईंवर पडला. त्यापूर्वींच त्यांनीं आपल्या आयुष्याचें मुख्य कार्य हातीं घेतलें होतें.

फ्लॉरिडांतील डेटोना येथें रेल्वेच्या कामावर आलेल्या कृष्णवर्णी मजुरांच्या मुलांस कोणी वाली नाहीं, असें कळल्यावरून बेथ्यूनबाई तेथें गेल्या. जवळ अवघा दीड डॉलर! महिना अकरा डॉलर भाड्यानें त्यांनीं एक जुनें घर घेतलें आणि ३ ऑक्टोबर १९०४ रोजीं पांच मुली व आपला मुलगा एवढ्यांवर शाळा सुरू केली. खोकीं हेंच बांक, जळक्या लांकडाचे कोळसे ह्याच पेन्सिली, व रानबोरांचा रस ही शाई. बाई व मुली मिळून रताळ्यांच्या गोड पोळ्या भाजीत व मजुरांस विकीत. पुढें जागा अपुरी पडली, तेव्हां बाईंनीं गांवचा कचरा टाकण्याची दलदलीची जमीन हप्त्यानें विकत घेतली. पहिला हप्ता पांच डॉलरचा होता! त्याच उकिरड्यावर ‘फेथ हॉल’ म्हणजे विश्वासमंदिर उभें राहिलें. आंत येणारानें शिकावयास यावें व बाहेर जाणारानें सेवेस जावें, हा त्या शाळेचा बाणा होता.

श्रीमंतांच्या दारीं जावयास बाई कधीं लाजल्या नाहींत. परंतु लाचारही झाल्या नाहींत. साबणाचे प्रसिद्ध कारखानदार जेम्स गॅम्बल शाळा पाहावयास आले, तेव्हां त्यांनीं शाळा कोठें आहे असें विचारलें. ती अद्यापि आपल्या मनांत आहे, असें बाईंनीं त्यांस निर्भीडपणें सांगितलें. गॅम्बल यांनीं संस्थेचें विश्वस्तपद पतकरलें. एका विद्यार्थिनीस गोऱ्यांच्या रुग्णालयांत नीट जागा मिळाली नाहीं, तेव्हां बाईंनीं १९११ सालीं स्वतःच एक रुग्णालय काढलें. रविवारच्या सभांस त्या गोऱ्या पाहुण्यांसाठीं निराळ्या जागा ठेवीत नसत. येईल तो मिळेल तेथें बसे.

१९२० सालीं अमेरिकेंतील स्त्रियांस मताधिकार मिळाला. बाईंनीं रात्रीचे वर्ग घेऊन आपल्या लोकांस मतदानासाठीं तयार केलें. तेव्हां आदल्या रात्रीं कू क्लक्स क्लॅन या दहशतवादी टोळीचे बुरखाधारी लोक शाळेवर चालून आले. बाईंनीं सगळे दिवे लावविले. मुलींनीं उपासनेचीं गीतें म्हटलीं. आणि टोळी आली तशी निघून गेली. दुसऱ्या दिवशीं बाई सुमारें शंभर माणसांसह मत देण्यास गेल्या.

१९२३ सालीं ही शाळा मेथोडिस्ट मंडळीच्या आश्रयाखालीं कुकमन संस्थेशीं जोडली गेली. पुढें तिचें महाविद्यालय झालें, आणि २००७ पासून तें विद्यापीठ आहे. बाई मेथोडिस्ट मंडळीच्या सर्वसाधारण परिषदेंत १९२८ पासून १९४४ पर्यंत प्रतिनिधि होत्या. १९३९ सालीं मंडळीच्या शाखा एक होतांना कृष्णवर्णी सभासदांचा विभाग निराळा करण्याची योजना आली. बाईंनीं तिला विरोध केला. मंडळीवर प्रेम होतें म्हणूनच मंडळीचा दोष दाखविणें त्यांस कर्तव्य वाटलें.

१९३५ सालीं त्यांनीं कृष्णवर्णी स्त्रियांची राष्ट्रीय परिषद स्थापिली. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकीर्दींत, १९३६ पासून, तरुणांच्या साह्यासाठीं निघालेल्या सरकारी खात्यांतील कृष्णवर्णी विभाग त्यांच्याकडे आला. १९४५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें संयुक्त राष्ट्रांची सनद तयार झाली, त्या परिषदेसही त्या सल्लागार म्हणून हजर होत्या.

१८ मे १९५५ रोजीं डेटोना येथें त्यांचा अंत झाला. विद्यालयाच्या आवारांतच त्यांस माती दिली. आयुष्याच्या अखेरीस त्यांनीं एक लेखी मृत्युपत्र करून ठेवलें होतें. त्यांत जमीनजुमल्याचा वांटा नव्हता. प्रेम, आशा, विद्येची तहान, श्रद्धा व स्वाभिमान हीच आपली ठेव म्हणून त्यांनीं पुढील पिढीच्या स्वाधीन केली. २०२२ सालीं अमेरिकेच्या संसदभवनांत फ्लॉरिडा राज्यातर्फें त्यांचा संगमरवरी पुतळा बसविण्यांत आला. पूर्वीं त्या राज्यातर्फें तेथें, गुलामगिरी राखूं पाहणाऱ्या पक्षाच्या एका सेनापतीचा पुतळा होता!

विद्यार्थिमित्रहो, मेरीच्या घरीं सतरा मुलांत शाळेंत जाण्याचें भाग्य तिच्या वांट्यास आलें, आणि तें आपल्या एकटीचें आहे असें तिनें कधीं मानलें नाहीं. तुमच्याही घरीं, शेजारीं, वाडींत असे कोणी असतील कीं ज्यांना कागद वाचून दाखवावा लागतो, हिशेब तपासून द्यावा लागतो. आजचा धडा आज संध्याकाळीं त्यांच्या उपयोगीं पडला, तर बेथ्यूनबाईंचें चरित्र तुम्हीं नुसतें वाचलें नाहीं, तर आचरिलें, असें होईल.