पंडिता रमाबाई आणि दुर्बळाची विवेकबुद्धि



मूर्तीपुढें वाहिलेल्या अन्नाविषयीं करिंथच्या मंडळींत जो वाद उठला, तसा प्रसंग माहूरच्या आसपासच्या खेड्यांत नवरात्रांत येतो. रेणुकेच्या गडावरून आलेला शेजारी तांबुलाचा प्रसाद प्रेमानें पुढें करितो. एखादा जुना ख्रिस्ती म्हणतो, मूर्ति म्हणजे कांहीं नाहीं, मग विडा खाल्ला तर काय बिघडलें? परंतु नुकताच बाप्तिस्मा घेतलेला भाऊ जवळ उभा राहून पाहत असतो, त्याचें काय? ह्याचा विचार करितांना पंडिता रमाबाईंचें चरित्र आठवावें.

रमाबाईंचा जन्म 1858 सालीं ब्राह्मण कुळांत झाला. पुराण सांगत हें कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरलें, आणि दुष्काळांत आईबाप व वडील बहीण मरण पावलीं. 1883 सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें रमाबाईंनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला. परंतु शाकाहार सोडला नाहीं. ख्रिस्ती होणें म्हणजे ताटांतील अन्न बदलणें नव्हे, हें त्यांच्या वागण्यांत दिसून आलें.

11 मार्च 1889 रोजीं त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें व पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें येणाऱ्या बालविधवा सोवळ्याओवळ्यांत वाढलेल्या होत्या. बाई स्वतः त्या बंधनांतून मोकळ्या झाल्या होत्या. तरी मुलींना आपले जातीचे आचार पाळण्याची त्यांनीं पूर्ण मोकळीक ठेविली. आपली मोकळीक त्यांनीं दुसऱ्याच्या गळ्यांत बांधिली नाहीं.

परंतु त्यांनीं आपला विश्वासही लपविला नाहीं. स्वतःची प्रार्थना त्या दार उघडें ठेवून करीत, आणि आपण होऊन येणाऱ्या मुलीला परत लावीत नसत. ह्यावरून पुण्यांत मोठें वादळ उठलें. 1893 सालीं रानडे, भांडारकर आदि सल्लागारांनीं संबंध सोडला व अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. बाईंनीं तें नुकसान सोसलें, पण दार लाविलें नाहीं. त्याच वर्षीं सदनांत शिकलेल्या गोदूबाईंचा विवाह धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं झाला. त्या हिंदूच राहिल्या. सदनांत धर्माची सक्ति नव्हती, ह्याला ह्याहून मोठा पुरावा कोणता?

पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत बाईंनीं मूळ भाषांवरून बायबलाचें भाषांतर केलें, तेंही सोप्या मराठींत. कारण अल्पशिक्षित स्त्री अवघड शब्दाला अडखळूं नये. 5 एप्रिल 1922 रोजीं त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 सालीं प्रसिद्ध झाला.

वाचकहो, बाईंच्या आयुष्यांत दोन गोष्टी एकत्र नांदल्या. आपल्या आचाराच्या बाबतींत त्या दुर्बळासाठीं वांकल्या. ख्रिस्ताच्या नांवाच्या बाबतींत बलवंतांपुढेंही वांकल्या नाहींत. आपण बहुधा ह्याच्या उलट करितों. पाटलासमोर विश्वास झांकतों, आणि नव्या भावासमोर आपल्या मोकळेपणाची फुशारकी मारितों.

म्हणून तांबूल पुढें आला तर हात जोडून, हंसतमुखानें नाकारावा. देवीची टवाळी करूं नये, शेजाऱ्याचा अपमान करूं नये, आणि कारण विचारलें तर तें स्पष्ट सांगावें. जो उपदेशक पुढें चालतो, त्यानें मागून येणाऱ्याच्या पायाखालील दगड आधीं बाजूस सारावा.